गळलेल्या बारा ओळी

समजा, तुमच्यासमोर टेबलावर दोन याद्या आहेत. डावीकडच्या यादीत आसन क्रमांक आणि नाव. उजवीकडच्या यादीत आसन क्रमांक आणि गुण. तुम्हाला तिसरी यादी करायची आहे, जिच्यात क्रमांक, नाव आणि गुण एका ओळीत येतील. डावं बोट डावीकडच्या पहिल्या ओळीवर ठेवा, उजवं बोट उजवीकडच्या. क्रमांक सारखे असले तर ओळ उतरवून घ्या आणि दोन्ही बोटं खाली सरकवा. सारखे नसले तर ज्या बाजूचा क्रमांक आधीचा, त्या बाजूचं बोट एक ओळ खाली आणा आणि पुन्हा बघा. बस, एवढंच. याद्या क्रमाने लावलेल्या असतील तर लाख ओळी असल्या तरी बोटाला एकदाही वर जावं लागत नाही.

गोम तिथेच आहे. बोट वर जातच नाही. एखादी ओळ भलत्या जागी बसली असेल, तर बोट तिला मागे टाकून पुढे निघून जातं. ती ओळ हाक मारत नाही. पुसली जात नाही, खराब होत नाही. आपल्या यादीत ती जिथल्या तिथे असते. तिसऱ्या यादीत तेवढी नसते.

संगणकावर हे काम करणाऱ्या आज्ञेचं नाव जॉइन. काळ्या पडद्यावर हा एक शब्द, पुढे दोन फाइलींची नावं, आणि एंटर. तुम्ही चहाचा कप उचलेपर्यंत काम झालेलं असतं. चाळणीला हे पहिल्यांदा कागदावर, बोटांनी करून दाखवलं गेलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. ‘बोट वर जात नाही’ हे वाक्य ऐकल्यावर तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं होतं. का लावलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

चाळणी हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे. परीक्षा मंडळाच्या दुसऱ्या मजल्यावर संगणक विभाग आहे. लांबट खोली, सात टेबलं, रंगाच्या थरांनी कायमची चिकटलेली एक खिडकी. माणसांना पंखा आणि मशीनला एसी. या खोलीत तिला ते नाव मिळालं. बाकीचे लोक जॉइन चालवायचे, जुळलेल्या ओळींची यादी घ्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. ही बाई तसं करत नसे. जॉइनला एक छोटी खूण दिली की ते जुळलेल्या ओळी झाकतं आणि ज्यांना जोडीदार मिळाला नाही तेवढ्याच ओळी दाखवतं. चाळणी आधी तेच मागायची. आधी गळलेलं, मग जुळलेलं. त्यामुळे तिच्या कामाला दुप्पट वेळ लागायचा, आणि तिच्या फाइलीबद्दल कधी तक्रार यायची नाही.

“जेवणाचा डबा उघडतानाही आधी काय नाही तेच बघतेस का गं?” शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट विचारायची.

“बघते. आज चमचा नाहीये. कालपासून तो तुझ्या खणात आहे.”

कामाची ही पद्धत तिने काटेकोर स्वभावामुळे धरली असं सगळ्यांना वाटायचं. खरं कारण एकोणीस वर्षं जुनं होतं. तिच्या पर्समध्ये ते प्लास्टिकच्या पातळ कव्हरात बंद होतं: एक प्रवेशपत्र, सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो, आणि क्रमांक १०००७.

सतरा वर्षांची असताना तिने शाळा सोडून बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला होता. वडील नव्हते. आई एका लॉन्ड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी तिथे गठ्ठ्यांनी यायच्या. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला शिवलेला टॅग बघून ती ज्या हॉटेलची त्या फळीवर लावायची, हे आईचं काम. टॅग सुटलेली चादर वेगळ्या फळीवर जायची. त्या फळीला सगळे बेवारशी म्हणायचे. मुलगी घरकाम उरकून अभ्यास करायची. सगळ्यात आवडता विषय गणित. गणिताचा पेपर तिला इतका चांगला गेला, की एक वाजता सुटल्यावर ती घरी गेलीच नाही. तीन तास नुसती भटकली. एकटीच. दुकानांच्या काचांत बघत, मनातल्या मनात उत्तरं पुन्हा सोडवत. चारला घरी आली.

निकाल लागला. सगळ्या विषयांपुढे गुण, आणि गणितापुढे एकच शब्द: गैरहजर.

आईने कागद दोन्ही बाजूंनी बघितला. तिच्या हाताला साबणाचा वास होता, तो अजून चाळणीच्या नाकात आहे.

“पेपरच्या दिवशी चारला आलीस तू. कुठे होतीस?”

“फिरत होते.”

“कुणाबरोबर?”

“एकटी.”

“एकटं तीन तास कोण फिरतं?”

“आई, मी पेपर दिलाय गं.”

आईने कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला, टॅग सपाट करताना दाबायची तसा.

“कागद खोटं बोलतो का?”

पुढच्या सोमवारी मुलगी आईबरोबर लॉन्ड्रीत गेली. त्या विषयावर घरात पुन्हा कधी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मामाने मात्र त्याची थट्टा करून टाकली. घरी आला की दारातूनच हसत विचारायचा, “काय गैरहजर, आज हजर वाटतं?” आई हसायची नाही. पण त्याला गप्पही करायची नाही. चाळणीने ते मनात लिहून ठेवलं. मामाच्या नावाखाली वेगळं, आईच्या नावाखाली वेगळं, आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, ज्याने तो शब्द छापला त्याच्या नावाची जागा कोरी सोडून.

मंडळाच्या खिडकीवर ती तीनदा गेली होती. तिसऱ्या वेळी आतला माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, “बाई, पेपर दिला असता तर गुण असते. नाही का?” हजेरीचे तक्ते नष्ट केल्याचं नंतर पत्राने कळलं. शाळेच्या मुलांचं असं काही झालं की मुख्याध्यापक येऊन टेबलावर हात आपटायचे. बाहेरून बसलेल्यांसाठी हात आपटणारं कुणी नव्हतं.

लॉन्ड्रीत चार वर्षं, मग झेरॉक्सच्या दुकानात सहा वर्षं. दुकानात एक जुना संगणक होता. गिऱ्हाईक नसलं की ती त्याच्याशी झटापट करत बसायची. प्रवेशपत्राला प्लास्टिकही तिने तिथेच चढवलं, पहिल्याच आठवड्यात. मंडळात कंत्राटी जागा निघाली तेव्हा झेरॉक्सवाला म्हणाला, “सरकारी दार आहे, डोकं टेकवून आत जा.” ती डोकं टेकवून गेली नाही. दात आवळून गेली. इथेच कुठेतरी तो माणूस बसलेला असणार, आणि तो सापडेपर्यंत ती उठणार नव्हती.

अडचण अशी, की तिथे तिला पहिला माणूस भेटला तो चांगला निघाला.

विभागात त्यांना बिनचूक सर म्हणत, तेही त्यांच्या तोंडावर. त्यांना ते आवडायचं. खिशात दोन पेनं, की-बोर्डवर बसण्याआधी एक फुंकर, आणि दर निकालाच्या दिवशी तेच वाक्य: “इतक्या वर्षांत माझ्या हातून एक ओळ गळलेली नाही.” नवीन माणसाला शिकवायचा त्यांना कंटाळा नव्हता. कागदावर दोन याद्या काढून, चाळणीची दोन बोटं त्यांवर ठेवून त्यांनीच तिला जॉइन शिकवलं.

“एक लक्षात ठेव, पोरी. मशीन आकडे वाचत नाही, अक्षरं वाचतं. तुझ्या डोळ्याला नऊ हजार आधी आणि दहा हजार नंतर. मशीनला तसं नाही. ते पहिलं अक्षर बघतं. एक आधी की नऊ आधी? एक. म्हणून त्याच्या लेखी दहा हजार पहिले आणि नऊ हजार मागून. जॉइनला द्यायच्या दोन्ही फाइली याच क्रमाने लागलेल्या हव्यात. आधी सॉर्ट, मग जॉइन. फाइल लावलेली दिसली तरी सॉर्ट करायची.”

“लावलेली दिसली तरी?”

“तरी.” सर थोडं थांबून म्हणाले, “डोळा फसवतो.”

ते थांबणं तिच्या लक्षात राहिलं. तेव्हा तिने त्याचा अर्थ लावला नाही. त्या काळात सर म्हणजे तिला बापाच्या जागी वाटायला लागले होते, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. शत्रू म्हणून ती दुसरीकडे शोधत होती. खिडकीवरचा तो माणूस केव्हाच बदलून गेला होता. जुन्या निकालांच्या फाइली स्टोअरमध्ये कुलपात होत्या, आणि कंत्राटी माणसाला स्टोअरची चिठ्ठी मिळत नसे. नऊ वर्षं ती आजूबाजूच्या टेबलांवरून हळूच विचारत राहिली, की अमुक साली निकालाचं काम कुणाकडे होतं. कुणाला आठवत नव्हतं. सगळे म्हणायचे, सरांना विचार. सरांना विचारलं की सर म्हणायचे, “तेव्हा आम्ही चार-पाच जण होतो.”

मग सरांची निवृत्ती आली.

विभागप्रमुख बाईंनी चाळणीला बोलावलं. “तू सरांची लाडकी. निरोपाच्या दिवशी त्यांच्या जुन्या कामाचं काहीतरी पडद्यावर दाखव. पाच मिनिटं, जास्त नको. जुन्या फाइली लागल्या तर ही चिठ्ठी घे.”

नऊ वर्षं जी चिठ्ठी मिळत नव्हती, ती सत्काराच्या निमित्ताने हातात पडली.

स्टोअरचे काका तळघरात एका लोखंडी टेबलामागे बसत. त्यांनी चिठ्ठी वाचली, उलटी करून बघितली.

“कुठलं वर्ष?”

“एकोणीस वर्षांपूर्वीचं. आणि त्याच्या आदल्या वर्षीचं.”

“एवढं नेमकं? तुझं तेव्हा दुधाचे दात पडायचं वय असेल.”

“तेवढी लहान दिसते होय, काका?”

“दिसत नाहीस. पण असं म्हटलं की बायका लवकर जातात.”

खोक्यात सीडी होत्या, रबर विरघळून त्यांना चिकटलं होतं. ते नखाने खरवडत ती वर आली. दुपारचे तीन वाजले होते. टायपिस्ट रजेवर. तिसऱ्या सीडीवर बाहेरून बसलेल्यांच्या गणिताच्या फाइली मिळाल्या. एक नावांची, एक गुणांची. शेजारी निकाल तयार करणारी स्क्रिप्ट, म्हणजे कामाच्या आज्ञा ओळीने लिहून ठेवलेली छोटी फाइल. तिच्या पहिल्या ओळीवर काम करणाऱ्याचं नाव आणि तारीख.

नाव बिनचूक सरांचं होतं.

चाळणीने आधी गळलेलं मागितलं. गुणांच्या फाइलीत ज्या ओळी आहेत आणि निकालात नाहीत, त्या दाखव. पडद्यावर बारा ओळी आल्या. १०००० पासून १००११ पर्यंत. आठवी ओळ अशी होती:

१०००७ ८४

ती ओळ तिने तीनदा वाचली. पेपर दिला असता तर गुण असते, असं खिडकीतला माणूस म्हणाला होता. तर हे गुण. एकोणीस वर्षं तळघरात पडून होते.

कसं झालं, हे कळायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. शिकवणाराच तसा भेटला होता. बाहेरून बसणाऱ्यांचे क्रमांक ९५०० पासून सुरू व्हायचे. कुठल्याच वर्षी ते चार आकड्यांच्या पुढे गेले नव्हते, त्यामुळे डोळ्याचा क्रम आणि मशीनचा क्रम एकच होता. त्या वर्षी प्रथमच उशिरा आलेल्या फॉर्मांमुळे यादी दहा हजारांच्या पलीकडे गेली, बारा मुलांनी. नावांची फाइल सरांनी सॉर्ट केली होती, म्हणून तिच्यात ही बारा मुलं सगळ्यात वर गेली. बाकीच्या विषयांच्या गुणांच्या फाइलीही सॉर्ट केल्या होत्या. गणिताची सगळ्यात शेवटी आली होती, निकालाच्या आदल्या दिवशी. ती ९५०० पासून १००११ पर्यंत माणसाच्या डोळ्याला व्यवस्थित लावलेली दिसत होती. सरांनी तिला हात लावला नाही. डावं बोट १०००० वर, उजवं बोट ९५०० वर. मशीनच्या लेखी १०००० आधीचा, म्हणून डावं बोट खाली आलं, खाली आलं, बाराच्या बारा मुलं ओलांडून ९५०० वर पोचलं. तिथून पुढे सगळं जुळलं. पाचशे बारा मुलांतली बरोबर पाचशे. इतका गोल आकडा बघून कुणाला शंका येणार? उरलेल्यांपुढे स्क्रिप्टने आपोआप शब्द छापला.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. क्रम बिघडलेला दिसला की जॉइन गप्प बसत नाही. पडद्यावर एक ओळ टाकतं: दुसरी फाइल क्रमाने लावलेली नाही. पण स्क्रिप्टमध्ये जॉइनच्या ओळीला एक शेपूट जोडलेलं होतं. चुकीबद्दल जे काही सांगायचं असेल ते पडद्यावर न दाखवता बिनतळाच्या बादलीत टाक, असं सांगणारं. तिने आदल्या वर्षीची स्क्रिप्ट उघडली. तिथे शेपूट नव्हतं.

चाळणी उठली. पाणी प्यायली, पेला विसळला, पालथा ठेवला. सर दहा पावलांवर बसले होते, चष्मा कपाळावर ढकलून कुणाशी तरी फोनवर हसत होते. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. पण ती त्या टेबलाकडे गेली नाही. एकोणीस वर्षं धरलेला डूख दहा पावलांत उधळून टाकायचा नव्हता. ज्या माणसाने तिला चारचौघांत गैरहजर केलं, त्याला चारचौघांतच वाचायला लावायचं होतं. निरोपाला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत ती सरांशी इतकं गोड वागली की टायपिस्टने परत आल्यावर विचारलं, तुझी कंत्राटाची मुदत संपत आलीय का.

फाइली उतरवून घेऊन ती सीडी परत करायला गेली तेव्हा स्टोअरच्या काकांनी तिच्याकडे नीट बघितलं.

“सापडलं वाटतं.”

“काय?”

“माणूस इथून वस्तू घेऊन जातो तेव्हा त्याचा चेहरा वेगळा असतो, आणि शोधत होता ते मिळाल्यावर वेगळा. तीस वर्षं हेच बघतोय.” त्यांनी वहीत सही घेतली. “म्हातारा माणूस आहे तो. जाऊ दे त्याला सुखाने.”

“मी नाही अडवत त्यांना, काका. एक ओळ वाचतील आणि जातील.”

“रागावलीस त्याच्यावर?”

“राग लॉन्ड्रीतच संपला. आता फक्त काम उरलंय.”

निरोपाचा कार्यक्रम दुपारी चारला, सभागृहात. चाळीस-पन्नास माणसं, एक मोठा पडदा. भाषणं झाली. विभागप्रमुख बाई म्हणाल्या की सरांनी या मंडळाला बिनचूकपणा शिकवला. सरांनी उठून नेहमीचं वाक्य म्हटलं, एक ओळ गळली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग चाळणीला बोलावलं.

“मी बोलणार नाही,” ती म्हणाली. “सरांचं काम सरांच्या हातून बघितलेलं बरं. सर, या ना. तुमचीच जुनी स्क्रिप्ट आहे.”

सर खूश झाले. की-बोर्डवर फुंकर घातली. हशा पिकला. त्यांनी एंटर दाबलं, आणि पडद्यावर ओळी धावत गेल्या. शेवटी आकडा आला: पाचशे.

“एकोणीस वर्षांपूर्वीची आहे,” चाळणी लोकांना म्हणाली. “बघा, अजून कशी चालते. आता सर, त्या ओळीच्या शेवटचं शेपूट तेवढं काढा आणि पुन्हा चालवा.”

सरांचा हात की-बोर्डवर थांबला. फार वेळ नाही, पण तिने तो वेळ मोजला.

“त्याची गरज नाही गं.”

“काढा ना, सर. तुम्हीच शिकवलंय, मशीन काय सांगतं ते ऐकावं.”

सगळे बघत होते. सरांनी शेपूट काढलं. एंटर. पडद्यावर ती ओळ आली, हातभर लांब अक्षरांत: दुसरी फाइल क्रमाने लावलेली नाही. चाळणी पुढे झाली आणि उभ्या उभ्या तिने आपली नेहमीची आज्ञा टाइप केली. आधी गळलेलं. बारा ओळी आल्या. मागच्या रांगेत कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला, तेवढाच आवाज.

सर वाचत राहिले. मग हळूच म्हणाले, “गणिताची फाइल शेवटी आली होती.”

“हो, सर.”

“लावलेलीच होती.”

“डोळ्याला लावलेली होती.”

“हे बारा जण...”

“अकरा,” चाळणी म्हणाली. “बारावी मी.” आणि तिने पर्समधलं प्रवेशपत्र की-बोर्डवर ठेवलं. दहा हजार सात. फोटोतल्या मुलीने केसांना तेल लावून घट्ट भांग पाडला होता.

“चाळणी, बंद कर ते,” विभागप्रमुख बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

“करते, बाई. सरांना आधी वाचू द्या. एकोणीस वर्षांपूर्वी वाचायचं राहिलंय.”

सरांनी प्रवेशपत्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, परत ठेवलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. सत्काराची शाल खुर्चीवरच राहिली. ते दारापर्यंत गेले तेव्हा लोक दोन्ही बाजूंना सरकले, आणि कुणीच त्यांच्यामागे गेलं नाही.

गोड लागलं का? लागलं. खोटं कशाला सांगा? घरी जाताना तिने तीन तास लावले. एकटीच भटकली. दुकानांच्या काचांत बघत.

पुढे चौकशी बसली. तिला कार्यक्रमात अडथळा आणल्याबद्दल एक पत्र मिळालं, आणि बारा जणांना सुधारित गुणपत्रिका देण्याचं दुसरं पत्र निघालं. दोन्ही पत्रांवर सही एकाच अधिकाऱ्याची. गुणपत्रिका आली तेव्हा आई खिडकीशी बसून मटार सोलत होती. आता तिला लॉन्ड्रीत जावं लागत नाही, गुडघे चालू देत नाहीत. चाळणीने कागद तिच्या मांडीवर ठेवला. आईने हात पदराला पुसले, कागद दोन्ही बाजूंनी बघितला, आणि त्यावर तळहात दाबला.

“चौऱ्याऐंशी?”

“हो.”

मटाराचा एक दाणा कागदावरून घरंगळत खाली पडला.

“बाकीचे सोळा कुठे गेले?”

चाळणीला हसावं की तो कागद हिसकावून घ्यावा, कळेना. आईने वर बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज तोच, टॅग वाचतानाचा.

“मामाला फोन लाव.”

फोन लागला. मामाचं “काय म्हणते आमची गैरहजर” पुरतं व्हायच्या आत आई म्हणाली, “हजर होती ती. चौऱ्याऐंशी मिळालेत. यापुढे नावाने हाक मारायची.” आणि फोन ठेवला. मग पुन्हा मटार सोलायला घेतले. चाळणीच्या मनातल्या यादीतली मामाची ओळ तिथे संपली. आईच्या ओळीपुढे तिने काही लिहिलं नाही, पण ती खोडलीही नाही.

उरलेल्या अकरांपैकी पाच जणांपर्यंत ती आतापर्यंत पोचली आहे. एक जण क्रेन चालवतो. तो म्हणाला, “आता काय लोणचं घालू का?” आणि मग अर्ध्या तासाने त्यानेच उलटा फोन करून गुण किती ते विचारलं. एका बाईने आपला आकडा दोनदा वाचून घेतला, पण फोन ठेवला नाही. चाळणीनेही ठेवला नाही.

सरांना तिने पत्र लिहिलं. उत्तर आलं, एका ओळीचं: माझं चुकलं. खाली सही, दोन पेनांपैकी निळ्याने केलेली. टायपिस्ट म्हणाली, “झालं की मग. आणखी काय हवंय तुला?” चाळणीने ते पत्र प्रवेशपत्राच्या कव्हरात सरकवलं, पण तिचं समाधान झालं नाही. चूक झाली, हे तर मशीननेही सांगितलं होतं. तिला ते नको होतं.

आदल्या वर्षीच्या स्क्रिप्टला शेपूट नाही. त्या वर्षीच्या स्क्रिप्टला आहे. चौकशीत बाहेर निघालेल्या पुढच्या प्रत्येक वर्षीच्या स्क्रिप्टला आहे. म्हणजे ते लागलं त्याच आठवड्यात, निकालाच्या घाईत. कदाचित पडदा साफ दिसावा म्हणून आधीच, सहज. किंवा कदाचित स्क्रिप्ट एकदा चालली असेल, ती ओळ पडद्यावर आली असेल, आणि एका माणसाने ती वाचून घड्याळाकडे बघितलं असेल. फाइलीवर फक्त तारीख आहे, आणि ती दोन्हीला लागू पडते.

तिचं दुसरं पत्र गेल्या महिन्यात गेलं. त्यात मायना नाही, नमस्कार नाही, एकच वाक्य आहे. उत्तर अजून आलेलं नाही. ती रोज टेबलावर बसण्याआधी टपालाची पेटी बघते.

सर, ते शेपूट तुम्ही ओळ दिसण्याआधी जोडलंत, की दिसल्यानंतर?